दादाची यादी

सेंट थॉमस बेट, कॅरिबियन, मे १९८४

श्रीधरदादा,

हे पत्र पोस्टात टाकणार नाहीये, म्हणून स्पष्टच लिहिते.

आमची पहिली क्रूझ. बोट बंदरात जेमतेम चार तास थांबणार. समोर टेकडीवर लाल छपरांची पिवळी-गुलाबी घरं. नवरा मुलांना घेऊन पायऱ्या चढून वर गेला आणि मी तुझी यादी घेऊन ड्यूटी फ्री दुकानं पालथी घालत बसले! तुला घड्याळ, वहिनीला सेंट, तुझ्या बंटीला कॅमेरा. लाज कशी वाटत नाही रे?

सिंधी दुकानदारानं सहज विचारलं, "और माँ के लिए?"

यादीत आई नव्हतीच. तुझ्याच घरात राहते ना ती?

संतापून मीच तिच्यासाठी काहीतरी घ्यायला वळले. दहा वर्षं झाली मला अमेरिकेत, दादा. तिला काय आवडतं, तेच आठवेना.

तुझ्याइतकीच नालायक,
कांचन