गाठ वहिनीला दाखवलीस

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट अजून घशाखाली उतरत नाही. तू गाठ वहिनीला दाखवलीस. मला नाही.

मी तुझी मुलगी, त्यातून नर्स. कुंभार पिंपळगावच्या अंगणवाडीत बायांना जमवून छाती घरच्या घरी कशी तपासायची ते शिकवत होते, तेव्हा तू मागं भिंतीला टेकून बसली होतीस. मी कापडाचा स्तन शिवून आत हरभऱ्याचा दाणा घातला होता. बाया तोंडाला पदर लावून हसतायत, मी सांगतेय, नखं टोचू नका, पेरं टेकवा, गोल फिरवा, काखेपर्यंत जा. दाणा सगळ्यांत आधी तुझ्या बोटांना लागला. "हे काय, हितंच तं हाय," म्हणालीस. मला केवढा अभिमान वाटला! हाताला स्वतःची गाठ आधीच ठाऊक होती, हे मला कुठं कळलं?

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर गेले आणि तू पाठ चोळायला वहिनीला न्हाणीत हाक मारलीस. तिचा हात धरून तिथं ठेवलास. ती घाबरली नाही, दादाला विचारत बसली नाही. तुला एसटीत बसवून थेट जालन्याला घेऊन गेली. मला फोन आला तो दवाखान्यातून. ऑपरेशन झालं, तू पुढं कितीतरी वर्षं जगलीस. लोक म्हणायचे, सुनेनं जीव वाचवला. मी मान डोलवायचे आणि आतून जळायचे. शिकवलं मी होतं ना!

केमोनं गेलेले तुझे केस पुन्हा आले, ते विंचरताना एकदा विचारलंच, "मला का न्हाई सांगितलं?"

"तू लगेच सिस्टर झाली असतीस, बाई. मंग मी रडले कुठं असते?"

अजूनही मी गावोगाव शिकवते. हल्ली वहिनीही सोबत येते. बाया तिच्याभोवती गोळा होतात, माझा तक्ता भिंतीवर लटकत राहतो.

मागच्या महिन्यात अंघोळ करताना माझ्याच बोटांना काहीतरी लागलं. तपासण्या झाल्या, काळजीचं काही निघालं नाही. पण त्या सकाळी ओळखीच्या डॉक्टरीणबाई सोडून, बाहेर चहा पीत बसलेला नवरा सोडून, मी आधी फोन लावला वहिनीला. ती "बोला ताई" म्हणाली आणि मला रडूच फुटलं. तिनंच मला जालन्याला नेलं. हे लिहितेय ते कुणाला वाचून दाखवणार नाही, तिला तर बिलकुल नाही. पण एसटीत तिच्या खांद्यावर डोकं टेकलं तेव्हा मला तुझा हेवा वाटला. तुला ती माझ्या कितीतरी आधी सापडली होती.