भुजंगरावांच्या तबकड्या आणि माझे तीन रविवार

पाथरी, सोमवार, ९ मार्च १९८७

ती. दिनकरराव यांस मार्तंडाचा साष्टांग नमस्कार.

आपण ताडकळसला सर्व मंडळींसह (सर्व म्हणजे अगदी सर्व) सुखरूप असालच. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? इकडे माझी तब्येत ठीक, फक्त एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा चार वेळा उठून लिहितोय (एकदा कडी लावली का ते पाहून आलो, लावलेली होती).

कारण गाण्याची बैठक. आमचे शेजारी भुजंगराव, पाटबंधाऱ्यातले, यांची बदली झाली. त्यांच्याकडे रेकॉर्डप्लेअर आणि एकेचाळीस तबकड्या. जाण्याआधी एकदा निवांत बसून ऐकू, असं ठरलं. त्यांच्या घरात बांधाबांध, म्हणून सगळं माझ्याकडे आणलं. ऐकणारे तिघेच: भुजंगराव, पंडित टेलर आणि मी. पंडितला कव्वाली हवी, भुजंगरावांना नाट्यगीतं, आणि मला सगळं वेळेवर सुरू व्हावं एवढंच (पंडित म्हणतो, ही आवड नव्हे, आजार हाय). मी वहीत मिनिटांसकट क्रम लिहून काढला.

पहिल्या रविवारी चारला मंडळी जमली, तबकडी ठेवली आणि लाईट गेली. मी सहापर्यंत बटणावर बोट ठेवून उभा. पंडित म्हणाला, "मास्तर, हात काढा. लाईट काय तुमाला भिऊन येणार हाय?" ती आली तेव्हा दोघे आपापल्या घरी पोचले होते.

दुसऱ्या रविवारी काही राहू नये म्हणून शनिवारी रात्री मी सुई स्वच्छ पुसली. इतकी स्वच्छ, की ती राहिलीच नाही. सकाळच्या गाडीनं परभणी गाठली. दुकानदार म्हणे, "लोक क्यासेटी घ्यायलेत, तुमी सुई कुठं शोधायलात?" शेवटी सटवाजी रेडिओवाल्याच्या डब्यात एक सापडली. परतीची बस मानवतजवळ पंक्चर झाली. मी पोचलो तेव्हा मंडळी माझ्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा खाऊन उठून गेली होती. टरफलं मात्र नीट एका कोपऱ्यात लावलेली.

काल तिसरा रविवार. लाईट होती, सुई होती, माणसं होती. पण तबकड्यांना धूळ लागू नये म्हणून मी त्या खिडकीत ठेवल्या होत्या, आणि आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊकच. पहिलीच लावली तर आवाज पाळण्यासारखा वरखाली. पंडित म्हणाला, "गवई पिऊन आलाय का काय?" मला हसू येईना. भुजंगरावांनी तबकडी डोळ्यांसमोर धरली, वाकलेली कड बोटानं चाचपली आणि खाली ठेवली. अशा सहा निघाल्या. ते रागावले असते तर बरं झालं असतं. सातवी नीट लागली. दोघांनी डोळे मिटले. मी फ्यूज पाहिला, दार पाहिलं. "मास्तर, बसा की आता!" भुजंगराव पहिल्यांदाच ओरडले. मी बसलो नाही, चहा करायला आत गेलो. कप घेऊन बाहेर आलो तर तबकडी संपलेली आणि दोघे डोळे पुसायलेत. काय झालं म्हणून विचारलं. पंडित म्हणाला, "आता कसं सांगावं?"

असो. सासूबाईंना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
मार्तंड

ता. क. सुमंगलाला आपल्याकडे येऊन आज पंधरा दिवस झाले. आपण कारण विचारलं असेल आणि आपल्या बहिणीनं सांगितलं नसेल. पहिल्या रविवारी लाईट जायच्या आधी ती उंबऱ्याशी येऊन बसली होती. "मला बी ऐकायचंय," म्हणाली. मी म्हटलं, चहाचं बघ, आतूनही ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती निघून गेली. प्लेअर पाडव्यापर्यंत माझ्याकडे आहे, तर तिला पाठवून द्या. नाही, पाठवू नका. मीच न्यायला येतो. येऊ का, एवढं तिला विचारा.

आणखी एक. हे पत्र तिच्यासमोर मोठ्यानं वाचा (कंसातलं गाळा). ती स्वयंपाकघरात असली तर आधी बाहेर बोलवा. आतून काही ऐकू येत नाही. काल मी स्वतः स्टोव्ह पेटवला, तेव्हा कळलं.