डॉक्टरांना "नाही" म्हटलं ते

माऊ,

तुला आत्ताच डोळा लागलाय म्हणून उठवलं नाही. खरं सांगायचं तर उठवायचा धीर झाला नाही. पिल्लाच्या अंगात अकरा वाजता गंजीफ्रॉक भिजवून घातलाय. वाळला की पुन्हा ओला कर, पंखा चालूच असू दे. मी डॉक्टरांकडे चालले आहे.

काल त्यांनी मला विचारलं, "आजी, तुमच्या माहेरी कुणाला घाम न येण्याचा त्रास होता का?" जावई समोरच बसले होते. मी "छे, कुणालाच नाही" म्हणून मोकळी झाले. ते खोटं होतं.

माझा धाकटा भाऊ लहानपणीच तापाने गेला, एवढंच तुला ठाऊक आहे. त्यालाही आपल्या पिल्लासारखाच कधी घाम आला नाही. दात तीनच, तेही याच्यासारखेच टोकदार. उन्हाळ्यात तो मोरीच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडायचा. "मुलींची लग्नं व्हायचीत, बाहेर बोलायचं नाही," असा आईचा दम होता. माझं लग्न झालं, तू झालीस, तरी मी तोंड उघडलं नाही.

काल संध्याकाळी तू विचारलंस, "आई, दिवस असताना माझ्याच हातून काही चुकलं का गं?" आणि मी नुसती तुझ्या केसांतून हात फिरवत बसले. तुझं काही चुकलेलं नाही. हे माझ्याकडून आलंय.

जावयांना मीच सांगेन. तुला मला काय बोलायचं ते बोल. फक्त पिल्लाला माझ्याकडे द्यायचं बंद करू नकोस.

आई