तपकिरी चिजातला उतार

स्टोरहाउगचा उन्हाळी गोठा,
१४ ऑगस्ट

आदरणीय हाल्डिसताईंना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे सिग्वालचा, चुलीपाशी उभ्यानेच केलेला नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा कसा आहे? ऑस्लोच्या त्या चौथ्या मजल्याची लिफ्ट दुरुस्त झाली का? माझी तब्येत उत्तम आहे, फक्त उजवा खांदा कामातून गेला आहे. अक्षर वाकडं दिसलं तर म्हातारपणाला बोल लावू नका. उजव्या हाताने मी बकरीच्या दुधाची निवळी, म्हणजे दही-चोथा काढून उरलेलं पाणी, चीजसाठी आटवत ढवळतो आहे आणि डाव्या हाताने हे लिहितो आहे. सात तास झाले, अजून तीन तरी लागतील, आणि मध्ये हात थांबला की सगळं फुकट, हे मी या उन्हाळ्यात चांगलं शिकलो आहे.

आपली गुन्वोर फेब्रुवारीत गेली तेव्हा तिने केलेल्या तपकिरी चीजचे अकरा ठोकळे फ्रीजरमध्ये होते. रोज सकाळी पावावर दोन काप, रविवारी वाफलवर (वर स्ट्रॉबेरीचा जॅम, तुम्हाला पटत नाही हे ठाऊक आहे), असं करता करता जुलैत एकच उरला. त्या दिवशी मी ठरवलं की तो संपायच्या आत तसंच चीज माझ्या हातून झालंच पाहिजे. नाहीतर ती चव या घरातून कायमची जाईल, आणि ते मला सहन होणार नाही. एक्केचाळीस वर्षं मी बकऱ्यांच्या धारा काढल्या, लाकडं फोडली, कढई घासली, पण ढवळायला तिने मला कधी उभं केलं नाही. तुझं लक्ष खिडकीबाहेर असतं, म्हणायची.

पहिली कढई खिडकीमुळेच गेली. आठव्या तासाला डागरोस (आपली ती पांढऱ्या कानांची बकरी, तिचा स्वभाव तुमच्यासारखाच ठाम आहे, हे कौतुक समजावं) छपरावर चढली आणि तिथलं गवत खाऊ लागली. तेवढ्यात शेजारचा ओड्मुन आला होता. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे, ढवळणाऱ्याला उठावं लागलं तर आलेल्या पाहुण्याने हात द्यायचा. मी त्याच्या हाती दांडा दिला आणि शिडी लावायला धावलो. त्याने ढवळलं, नाही असं नाही, पण एका हातात कॉफी धरून आणि वरच्या वर. खाली तळाशी जे धरलं ते काढायला छिन्नी लागली. वर मलाच म्हणतो, "अरे, तू बकरीला काय समजावत बसला होतास इतका वेळ?"

दुसऱ्या कढईला मी दार लावून घेतलं. रंग झकास आला, वास तर असा की डोळ्यांत पाणी आलं. मग निवताना घोटत राहायचं असतं हे विसरलो आणि जरा टेकलो. ओड्मुनने एक काप तोंडात टाकला, बराच वेळ चावला, आणि वाळू नदीची घेतोस की समुद्राची, असं विचारलं. तिसरी मी भीतीपोटी लवकर उतरवली. ती पातळच राहिली, पावावर फासायची. हे मुद्दामच केलं असं मी सगळ्यांना सांगितलं आहे, तुम्हीही तेच सांगा.

ही चौथी. मी मागे हटणार नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बकऱ्या डोंगरावरून खाली गावात उतरतील, दूध आत्ताच कमी होऊ लागलं आहे, म्हणजे फार तर आणखी दोन कढया. गुन्वोर नसताना मला चीज जमत नाही असं गावात बोलतात. खरं आहे. म्हणूनच जमवायचं आहे.

तुमच्याकडून काही नको, फक्त आशीर्वाद असावा. आता घट्ट व्हायला लागलं आहे, थांबतो. म्हणजे लिहायचा थांबतो.

तुमचा,
सिग्वाल

ता. क. : काही नको म्हटलं ते खोटं. अंत्यविधीनंतर आठवण म्हणून तुम्ही गुन्वोरची ती झाडाच्या शेंड्यापासून केलेली, पाच बोटांची रवी नेलीत आणि ऑस्लोत भिंतीवर टांगलीत. मी सध्या होडीच्या मोडक्या वल्ह्याने ढवळतो आहे. रवी परत पाहिजे. पोस्टाने नको, स्वतः घेऊन या. दहा तास एकट्याने ढवळायचं काम नाही हे, आणि तुम्ही तिच्याबरोबर लहानपणापासून ढवळलं आहे.

पुन्हा ता. क. : चौथी उतरली. घट्ट आहे, वाळू नाही. चव ताडून पाहायला अखेर तो शेवटचा ठोकळा उघडला. जवळ आली आहे, पण तीच नाही. पाचवी सोमवारी लावतो.

शेवटचा ता. क. : चीज मधूनच कापून त्यात घसरगुंडीसारखा उतार पाडतो म्हणून ती मला एक्केचाळीस वर्षं बोलली. तिच्या बाजूने तुम्हीही बोललात, वर माझ्या साठीला चीजचे सारखे पातळ काप काढायचा तिसरा रंधा भेट दिलात. ताई, हा ठोकळा अर्धा कापलेला निघाला. कागदावर तिच्या अक्षरात जानेवारीची तारीख आहे, त्या आठवड्यात मी हर्नियासाठी दवाखान्यात होतो. घरात ती एकटी होती. आणि चिजात हा एवढा मोठा उतार आहे! मी जिंकलो, आणि जिच्यासमोर जिंकायचं ती नाही. तेव्हा रवी आणा, रंधा आणू नका. त्या उताराला मी हात लावणार नाही.