बाराव्या मजल्यावरचा जिताडा

रविवार, ९ नोव्हेंबर
दीड वर्षात या वहीत एक ओळ नाही. माफी मागतो. कोणाची ते माहीत नाही, वही माझीच आहे. पतपेढी बंद पडून माझी क्लार्कची नोकरी गेली, त्यानंतर लिहिण्यासारखं काही घडलं नाही. म्हणजे घडलं, पण लिहावंसं वाटलं नाही. हे वाक्य प्रामाणिक आहे, राहू दे.

आता कारण आहे. वय पंचेचाळीस, एमबीएचं शेवटचं वर्ष आणि उद्यापासून मुंबईत एका खाजगी बँकेच्या कॉर्पोरेट विभागात दहा दिवसांची प्लेसमेंट. दहाचे दहा दिवस भरले तर सर्टिफिकेट, सर्टिफिकेट असेल तर परीक्षा.

संध्याकाळी कल्पिताचा भाऊ धर्मा आला होता. उरणला त्याच्या ट्रेलरच्या ऑफिसात बसायला माणूस हवाय. म्हणाला, भावजी, खुर्ची हाय, पंखा हाय, शनिवारपरत काय ता सांगा. मी म्हटलं, कॉर्पोरेटमध्ये आधी ऑफर्स कंपेअर करतात. कल्पिता म्हणाली, दुसरी ऑफर कुठली?

संकल्प : रोज लिहिणे. कमी बोलणे.

सोमवार, १० नोव्हेंबर. परतीच्या लाँचवर
सकाळी रेवसहून पहिली लाँच, भाऊच्या धक्क्यावरून टॅक्सी. (उद्यापासून बस.) ऑफिस बाराव्या मजल्यावर. सिक्युरिटीवाला मला ऑडिटर समजून उभा राहिला. मी खुलासा केला. तो बसला.

इतर चार इंटर्न, सगळे एकविशीतले. दिपेश नावाचा मुलगा आधी सर म्हणाला, जेवणानंतर काका. काकामध्ये आपलेपणा जास्त.

विभागप्रमुख अमिषा मॅडम. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. म्हणाल्या, तुमचा अनुभव उपयोगी पडेल. दिवसभर स्कॅन केलेल्या कागदांच्या फायलींना नावं दिली. दोनशे बारा. गोपनीय काम आहे, कोणालाही देत नसणार.
दिपेशलाही दिलं होतं. पण त्याच्या एकशे चाळीसच झाल्या.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
दोन दिवस लिहिलं नाही. लाँचवर डोळा लागतो.

आज मीटिंगला बसवलं. किनाऱ्यावर बर्फाचा कारखाना काढायला एक कंपनी कर्ज मागतेय. त्यांच्या कागदावर बारा महिने सारखीच विक्री. मी म्हटलं, जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या ओढून वर ठेवलेल्या, तेव्हा बर्फ घेणार कोण? मॅडम म्हणाल्या, गुड पॉइंट, तुमच्यासारखी माणसं हवीत आम्हाला.

घरी हे चार वेळा सांगितलं. जागृती म्हणाली, पप्पा, आमचे सर पण असंच बोलतात, सगळ्यांना. बारावीतल्या मुलीला कॉर्पोरेटची भाषा काय कळणार.

शनिवार, १५ नोव्हेंबर
धर्माला नाही कळवलं. आभार मानून, शांतपणे. तो म्हणाला, मंग मोरूला ठेवू का? म्हटलं, ठेव. कल्पिता भांडी घासत होती. तिने काही म्हटलं नाही, भांड्यांनी म्हटलं.

घाई केली का? नाही. दोन दगडांवर पाय ठेवणं मला कधी जमलं नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर
बाबांच्या तलावात एक जिताडा आहे, आमच्याकडचा मानाचा मासा. तीन वर्षं रोज सकाळी त्याला बारीक मासळी घालतात. आज म्हणाले, तो ने तुझ्या मॅडमला. सायबाला जिताडा दिल्याबिगर आपल्याकरं कुनाचा काम झालाय?
मी म्हटलं, बाबा, तिथे मेरिट चालतं. ते हसले. म्हणाले, पतपेढीत लागलास तवा चेअरमनच्या घरा काय गेलता?

हे मला माहीत नव्हतं. बावीस वर्षं माहीत नव्हतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर
ही लाच आहे का? दिवसभर हाच विचार. तीन फायलींना चुकीची नावं दिली. लाच म्हणजे हक्क नसताना मागणं. मी काहीच मागणार नाही, फक्त देणार. शिवाय मासा विकतचा नाही, घरचा आहे. घरचं दिलं तर ते प्रेम.
ठरलं. बुधवारी. गुरुवारी काही लोक खात नाहीत. एवढा विचार कोण करतो?

बुधवार, १९ नोव्हेंबर. सकाळी, लाँचवर
उजाडायच्या आत बाबा तलावात उतरले, छातीभर पाण्यात. वय सत्त्याहत्तर. मला उतरू दिलं नाही, ऑफिसचे कपडे खराब होतील म्हणून. सात किलो दोनशे ग्रॅम. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून बांधला. म्हणाले, मॅडमला सांग, डोका टाकू नको, कालवन डोक्याचाच.

तोच दिवस, परतीच्या लाँचवर
मॅडम जैन आहेत.

ओरडल्या नाहीत. खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या आणि हळूच विचारलं, हा जिवंत आहे का? म्हटलं, नाही, पण ताजा आहे. विचारलं, कशासाठी आणलात? मी खरं सांगितलं. म्हटलं, नोकरीसाठी.

त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, हे बोलायला नको होतं तुम्ही, आता मला लिहावंच लागेल. भेटवस्तूंचा फॉर्म असतो. वस्तू : मासा. वजन अंदाजे किती, विचारलं. मी म्हटलं, अंदाजे नको, सात किलो दोनशे. सही केली. प्लेसमेंट आजपासून बंद. आठ दिवस भरले.

हेतल म्हणून एक ज्युनिअर ऑफिसर आहे, ती लिफ्टपर्यंत आली. म्हणाली, काका, इथे इंटर्नला ठेवतच नाहीत हो. आणि फ्रेशरला वयाची अट आहे, अठ्ठावीस. कोणी बोललं नाही तुम्हाला?
म्हटलं, माहीत होतं मला.

सह्या होईपर्यंत खोका चार तास पॅन्ट्रीबाहेर. बर्फाचं पाणी झालं. धक्क्यावर एका कोळणीला दाखवला. तिने कल्ला उचलून पाहिला. म्हणाली, दादा, सकाळी आनला असतास तर मीच घेतला असता, आता न्हाय.

खोका घरी नेता येत नव्हता. लाँच मध्यावर आल्यावर जिताडा पाण्यात सोडला. बाजूचा माणूस म्हणाला, नवस होता का? मी हो म्हटलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
काल आणि आज नेहमीच्या वेळेला निघालो. रेवसच्या धक्क्यावर बसून राहिलो, संध्याकाळी परत. खोटं बोललो नाही. कोणी विचारलं नाही. तिथूनच कॉलेजला फोन केला. सर्टिफिकेट नाही तर परीक्षा पुढच्या वर्षी. धर्माकडे मोरू सोमवारपासूनच लागलाय.

डब्यात आज तळलेली मांदेली निघाली. ऑफिसात वास नको म्हणून कल्पिता दोन आठवडे मासळी देत नव्हती. विसरली असेल.

बाबांनी मात्र विचारलं, परवाच. मी म्हटलं, मॅडमना आवडला, डोक्याचं कालवण केलं. आज संध्याकाळी मला तलावावर घेऊन गेले. दुपारी कोणाकडून तरी जिताड्याची बारा पिल्लं आणून सोडलीत. म्हणाले, तीन वर्सांत तुझा परमोशन येल, तवर ही तयार व्हतील. आणि उकिडवे बसून, पाण्यात बोट दाखवत, एकेक मोजून दाखवलं. मला एकही दिसलं नाही. मी बारा म्हटलं.

उद्या : बाबांना खरं सांगणे.