बाबांचा रिपोर्ट

मंगळवार, संध्याकाळ. चामोर्शी.

आज चंद्रपूरहून बाबांच्या प्रोस्टेटच्या बायोप्सीचा रिपोर्ट आणला. कॅन्सर नाही. आणि बाबा गेल्या आठवड्यातच गेले.

सुईने तपासणीसाठी तुकडे काढले, दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. आम्ही लगेच दवाखान्यात नेलं, तरी जंतू रक्तात पसरलेच. "असं फार क्वचित होतं," डॉक्टर खाली बघत म्हणाले. क्वचित! मग आमच्याच घरी काऊन?

घरी येऊन सांगितलं, "आई, बाबाले कॅन्सर नव्हता."

ती एकदम हसली. "मी म्हणतच होती ना, त्यायले काई नाई होत!" आणि सवयीने त्यांना सांगायला आतल्या खोलीकडे वळली. रिकाम्या खाटेपाशी थबकली.

मला तिच्याजवळ जाताही आलं नाही.