विकर फार…

मुलुंड, मार्च १९८७

प्रिय मृणाल,

समोरच्या शेवंतीबाईंच्या सुक्या बोंबलांविरुद्ध सोसायटीत तक्रार करणारा मी एकटाच माणूस. दर सभेला उभा राहतो, घसा खाकरतो, बोलतो. इतिवृत्तात माझं नाव बोंबलांच्या शेजारीच सापडतं. आणि गेल्या गणपतीपासून मला तो वासच येईना! माणसाच्या तक्रारीचा आधारच कुणी काढून घ्यावा? तुझ्या इस्पितळातले सर्जन त्याला सायनसमधली गाठ म्हणाले. मी अन्याय म्हणतो.

माझ्या नाकातला तुकडा बाटलीत घालून प्रयोगशाळेत नेताना तू समजावलंस, की गाठ म्हणजे भाडेकरू. आपल्या खोलीत राहिला तर खोली सोडवून घेता येते. पण काही भाडेकरू भिंती विरघळवणारे विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतात, हाड पोखरत डोळ्यापर्यंत सरकतात, मग डोळाही काढावा लागतो. मला लगेच पटलं. तळमजल्यावरच्या जयवंतने गॅलरी अशीच सरकवली. विकर मोजून अंदाज येतो, निकाल नव्हे, असंही तू बजावलंस. मी हसलो. तू गेल्यावर मात्र एक डोळा मिटून घरभर चालून पाहिलं. कपाटावर आपटलो.

मग तुझा फोन. मजल्यावर फोन एकच, शेवंतीबाईंकडे. बाई डोळ्यांना पदर लावूनच आल्या. “भाऊ, तुमच्या भयणीचो फोन इलो. ‘विकार फार’ म्हणाली नि लायनच गेली वो!” तू म्हणत होतीस, ‘विकर फार नाहीत’. विकराचा विकार बाईंनी केला, ‘नाहीत’ लाइनने गिळलं. संध्याकाळपर्यंत घरात मोसंब्यांचा ढीग. जयवंत तर माझा हात धरून म्हणाला, गॅलरी आत घेतो, पण तुम्ही बरे व्हा. दुसऱ्या दिवशी तू येऊन खुलासा केलास, आणि त्याची गॅलरी पुन्हा बाहेर.

पुढचं तुला ठाऊक आहे. गाठ काढली, हाड शाबूत, डोळा जागच्या जागी. सर्जन म्हणाले, वासही परतेल. तुझी कुंदावहिनी रोज हिंगाची डबी नाकाशी धरते. येतोसा वाटतो, पण डबी दिसत असली की वास नाक घेतं की मन, कोण सांगणार? न कळवता घरात शिरणारा वास मला एकच माहीत, बोंबलांचा. म्हणून दार उघडं टाकून बसायचो. काही नाही. शेवटी परवा कुंदाला म्हटलं, नाक गेलं गं माझं. ती म्हणाली, “अहो, त्यांनी तळलेत कुठे? फोन आला त्या दिवसापासून बंद केलेत. आजाऱ्याच्या दारात वास नको म्हणतात.”

माझ्या आजारपणात बाई पेज पाठवायच्या, ते पातेलं आमच्याकडेच होतं. रिकामं कसं द्यायचं? काल बाजारात जाऊन, घराण्यात पहिल्यांदाच, कोळणीपुढे उभा राहिलो. पातेलं सुक्या बोंबलांनी भरून त्यांच्या दारात दिलं.

वास आला की लगेच कळव, असं तू म्हणाली होतीस. फोनच करणार होतो. पण मराठीत ‘आहे’ काय नि ‘नाही’ काय, शेवटीच येतं, आणि लाइन तिथवर टिकत नाही. म्हणून लिहून कळवतो: आज दुपारी, पाठ दाराकडे असताना, आला. भयंकर आहे. दार उघडंच ठेवलंय.

तुझाच,
अनंतदादा